अर्ध्यावरचं शटर

नागोठण्याच्या बाजारपेठेतल्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर दिसलं, की समजावं, कुठंतरी काहीतरी पेटलंय, बुडालंय किंवा उलटलंय. शटर पूर्ण ओढण्याइतका वेळ मालकाकडे नसतो, आणि आत चोरण्यासारखं लोकांच्या जळक्या मोटारींशिवाय काही नसतंही. मालकाचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. गावात तो ‘एकशेएक’. पोरं ‘एकशेएक काका’ म्हणतात, म्हातारे ‘आपला बंबवाला’ म्हणतात. अग्निशमन दलात तो कधीच नव्हता. पगार नाही, हुद्दा नाही. गणवेश म्हणाल तर कुठल्याशा सुरक्षा सप्ताहात मिळालेलं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट आणि पिवळं हेल्मेट. हेल्मेटवरचं कंपनीचं नाव त्याने काळ्या रंगाने पुसलंय, पण जरा निरखलं की वाचता येतं.

असला एखादा नग महामार्गावरच्या बहुतेक गावांत सापडतो. नागोठण्याचा मात्र अस्सल. कारण इथं एका बाजूला अंबा नदी नि तिच्यात शिरणारी खाडी, दुसऱ्या बाजूला मुंबई-गोवा रस्ता, आणि डोक्यावर गॅसचा कारखाना. बंब यायचा तर कंपनीच्या गेटातून, नाहीतर रोह्याहून किंवा पेणहून. तो वाटेतल्या खड्ड्यांशी हुज्जत घालत पोचेपर्यंत जो मधला अर्धा-पाऊण तास असतो, तेवढंच एकशेएकचं राज्य. त्या राज्यात तो सरपंचालासुद्धा ‘बाजूला व्हा’ म्हणतो. एरवी सरपंच दिसला की उठून उभा राहतो.

त्याचं कॅलेंडर आपल्यासारखं नाही. माघ-फाल्गुनात डोंगराचं गवत वाळलं की वणव्याचा महिना. शिमग्यात होळीभोवती हा पाण्याचा पिंप भरून उभा, आणि होळी जराशी शेजारच्या पत्र्यांकडे कलली, की बोंब ठोकणाऱ्यांत याचा आवाज सगळ्यांत मोठा आणि एकट्याचाच खरा. चैत्र-वैशाखात राबाची भाजणी. रोपवाटिकेची जागा पालापाचोळा पसरून भाजायची, ही इथली जुनी रीत. शेतकरी दुपारच्या वाऱ्यात काडी लावून घरी जेवायला जातो आणि राब बांध ओलांडून शेजाऱ्याच्या आमराईत शिरतो. एकशेएक घरोघर सांगत फिरतो, ‘सकाळी दव असताना भाजा, वाऱ्याच्या उलट्या अंगाने लावा, कडेने हातभर जागा खरवडून ठेवा.’ सगळे माना डोलावतात. दुपारी शटर अर्धं. पावसाळा आला की तो पाणीवाला होतो, आणि दिवाळीनंतर भाताच्या उडव्या रचल्या की पुन्हा आगवाला.

वणवा विझवताना त्याला पाहावं. बादली नाही, पाइप नाही. डोंगरावर पाणी कुठून आणणार? पानांनी भरलेली ओली डहाळी तोडायची आणि ज्वाळेला झोडपायची, तेही आग जिकडे चाललीय तिकडून नव्हे, कडेने, जळून काळ्या झालेल्या बाजूला पाय ठेवून. पोरं उत्साहाने समोरून धावतात, तेव्हा तो त्यांच्या आयांचा उद्धार करतो. संध्याकाळी त्याच आयांच्या घरी जाऊन पोराच्या भुवया का जळल्या ते समजावतो आणि चहा पिऊन येतो.

चहा मात्र लगेच पीत नाही. आधी सरळ स्वयंपाकघरात. शेगडीच्या मागे वाकून नळी बघणार, बोटाने दाबून चिरा गेल्यात का पाहणार, मग सिलिंडरच्या मानेजवळची पट्टी वाचणार. तिथं ‘बी’ नि पुढे दोन आकडे असं काहीतरी असतं. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि आकडे सालाचे. त्या मुदतीपर्यंत सिलिंडरची चाचणी व्हायला हवी. हे ज्ञान आता गावातल्या प्रत्येक बाईला आहे, कारण हा प्रत्येक बाईला परीक्षकासारखं विचारत सुटतो. मुलगी बघायला गेलेल्या पाहुण्यांत हा होता तेव्हाही पोहे येण्याआधी आत जाऊन आला. मुलीकडच्यांना वाटलं, हुंड्यात गॅस मागतायत. लग्न जमलं, पण नळी बदलल्यावर.

हळदीत तर तो असह्य होतो. आपल्याकडच्या हळदी म्हणजे लग्नाहून मोठं काम. एकीकडे डीजे, दुसरीकडे आचाऱ्याच्या भट्ट्या, आणि वर नायलॉनचा मंडप. सगळा गाव नाचत असताना हा मागच्या अंगाला सिलिंडर मोजत असतो. एकदा आचाऱ्याच्या एका सिलिंडरच्या तोंडाशीच भपकन पेटलं. माणसं पांगली, वाटेत खुर्च्या उलटल्या. याने शांतपणे टेबलावरची चादर कढीच्या पिंपाशेजारच्या पाण्यात बुडवली, आडव्या हाताने सिलिंडरच्या मानेवर टाकली नि चादरीखालून हात घालून रेग्युलेटर बंद केला. फुंकर मारून मेणबत्ती विझावी इतका तो प्रकार. मग ओलं मनगट पाहत म्हणाला, ‘घड्याळ गेलं.’ यजमानाने नवं घड्याळ द्यायचं कबूल केलं होतं. ते अजून येतंय.

गॅसचा हा ध्यास नुसता विक्षिप्तपणा नव्हे. 5 नोव्हेंबर 1990 रोजी इथल्या आयपीसीएलच्या संकुलात वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसं गेली. पुढे कारखाना रिलायन्सकडे गेला, यंत्रणा बदलली, मॉक ड्रिल होऊ लागल्या. त्या दिवशी गावात असलेल्या पिढीला मात्र भोंग्याचा आवाज नुसता ऐकू येत नाही, पोटात जातो. एकशेएक तेव्हा शाळकरी होता. त्याबद्दल विचारलं तर बोलत नाही. वरखाली होणारा भोंगा धोक्याचा आणि सरळ लांब भोंगा धोका टळल्याचा, एवढं मात्र तो शाळेतल्या पोरांना तोंडाने वाजवून दाखवतो. गुरुजी वर्गाचं दार लावून घेतात.

पुराचं त्याला आगीपेक्षा सोपं वाटतं. ‘पाणी सांगून येतं,’ म्हणतो. अंबेची नागोठण्यातली धोक्याची पातळी 9 मीटर, इशाऱ्याची 8. हे आकडे त्याला बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्के. पण त्याचा खरा भरवसा कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांवर. वर सुधागडात पाऊस किती झाला आणि खाली उधाण किती वाजता, ही दोन्ही गणितं एकत्र आली की एसटी स्टँडात पाणी, असं ते आकाशाकडे न बघता सांगतात. 24 जुलै 1989 ला जांभुळपाड्यात अंबेच्या पुराने जे केलं, ते या म्हाताऱ्यांना तारखेनिशी आठवतं. दोरीच्या गाठीही तो त्यांच्याकडूनच शिकला. कुठल्याशा प्रशिक्षणात शिकवलेल्या गाठींना इंग्रजी नावं होती. कोळ्यांच्या गाठींना नावंच नाहीत, पण सुटत नाहीत.

रस्त्याचं खातं सगळ्यात वैतागाचं. सुकेळी खिंडीत टँकर कलंडला की माणसं ड्रायव्हरला काढायला येण्याआधी कॅन घेऊन येतात. काय सांडलंय हे कुणी विचारत नाही. गोडेतेल असो की आणखी काही, भरून घ्यायचं. हा हात पसरून मध्ये उभा, ‘विडी विझवा, मोबाइल बंद करा!’ लोक त्याचा व्हिडिओ काढण्यासाठी मोबाइल चालू करतात.

सत्कारांचा त्याला राग आहे. पंधरा ऑगस्टला शाल, 26 जानेवारीला शाल. 14 एप्रिलला तर त्याची ओढाताण बघवत नाही. सकाळी आंबेडकर जयंतीची मिरवणूक, आणि तोच अग्निशमन सेवा दिन, 1944 साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात गेलेल्या अग्निशमन दलाच्या 66 जवानांचा. मिरवणुकीत चालता चालता मध्येच दोन मिनिटं उभा राहतो. मागचे धडकतात. गेल्या सत्काराला तो माइकवर म्हणाला, ‘शाल नायलॉनची असते, ठिणगी पडली की चिकटते. द्यायचंच असेल तर गोणपाट द्या, भिजवून वापरता येतं.’ टाळ्या पडल्या आणि शाल घातली गेली.

भाच्याने त्याला सांगितलं, चिली देशात सगळे बंबवाले असेच बिनपगारी, 1851 पासून, आणि वर दलात राहायला वर्गणी भरतात. एकशेएक विचारात पडला. म्हणाला, ‘म्हणजे आपल्यासारखंच. फक्त त्यांना पावती मिळते.’

आता वहिनींबद्दल, म्हणजे त्याच्या बायकोबद्दल. खरं दल त्याच चालवतात. फोन त्यांच्याकडे. तो उचलायचा तर ‘थांबा, आलोच’ म्हणून पत्ता न विचारताच निघायचा. एकदा रोह्याच्या आगीला पेणला पोचला. आता वहिनी विचारतात, ‘काय पेटलंय? आत माणूस आहे? गुरं सोडली का? डीपी पाडली का? आधी लाइनमनला फोन करा, पाणी मारू नका.’ गोठा असेल तर वर सांगतात, ‘दावं कापलंत की गुरं परत आत पळतील, तोंडावर ओलं फडकं टाकून लांब नेऊन बांधा.’ सगळं सांगून झाल्यावर नवऱ्याकडे वळून, ‘अहो, निघा.’ पुष्कळदा तो पोचेपर्यंत लोकांनीच विझवलेलं असतं. हे त्याला आवडत नाही. वहिनींना आवडतं.

दुकानाचं काय? चालतं, पण आपल्या गतीने. परवा एक बागायतदार तणतणत आला. पाऊस पडायच्या आधी पाणबुडी मोटार टाकली होती, आता भात कापणीला आलं. शटर अर्धं. वाकून आत बघितलं, मोटार नाही. वहिनी तांदूळ निवडत पायरीवर बसल्या होत्या.

‘मोटार कुठंय माझी?’

‘झालीय की तयार.’

‘मग द्या.’

‘ती गेलीय त्यांच्याबरोबर. वाकण फाट्याच्या पुढं उडवी पेटलीय, विहिरीतून पाणी उपसायचं होतं.’ वहिनींनी एक खडा बाजूला टाकला. ‘संध्याकाळी घेऊन जा. चालते की नाही, ते आता बघायला नको.’