भरीचे पर्याय

“लोगोचे चार-पाच ऑप्शन आणा, त्यातला एक निवडू.” गिऱ्हाईक असं म्हणतं तेव्हा मला राग येतो तो आपल्याच डिझायनर मंडळींचा. ही सवय आपणच लावली.

पाचातला एक आपल्याला मनापासून पटलेला असतो, दुसरा बरा, उरलेले तीन भरीचे. निवडला जातो भरीचाच! मग दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर, टेम्पोच्या पाठीवर तोच वर्षानुवर्षं राहतो. माझ्याही हातून हे घडलंय. निवडणाऱ्याची चूक नव्हती. मी तो टेबलावर ठेवायलाच नको होता.

१९८६ साली स्टीव्ह जॉब्स ‘नेक्स्ट’ या आपल्या नव्या कंपनीच्या लोगोसाठी ग्राफिक डिझायनर पॉल रँड यांच्याकडे गेले. रँड आयबीएमशी बांधलेले, म्हणून आधी आयबीएमची परवानगी काढावी लागली. मानधन एक लाख डॉलर. जॉब्सनी काही पर्याय मागितले. रँड यांनी साफ नकार दिला: तुमचा प्रश्न मी सोडवीन, तुम्ही पैसे द्याल; उत्तर वापरायचं की नाही ते तुम्ही बघा. पर्याय हवे असतील तर दुसरीकडे जा. मग एकच लोगो आला, सोबत एक पुस्तिका. इंग्रजी ‘NeXT’मधला ‘ई’ तेवढा लहान लिपीतला का, लोगोतला काळा ठोकळा २८ अंशांनी कललेला का, हे त्यात पानागणिक उलगडलेलं. जॉब्सना ‘ई’चा पिवळा आणखी झळझळीत हवा होता. रँड हटले नाहीत.

आपण रँड नाही, हे मान्य. पण कारण सांगायला रँड असावं लागत नाही. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकायची आणि खाली “कसं वाटतंय?” विचारायचं, याला सादरीकरण म्हणू नका. तो आवडीनिवडीचा प्रश्न आहे. त्यावर अख्खं घर मत देणारच. समोर बसा. आधी काळ्या शाईत दाखवा, अंगठ्याच्या नखाएवढा दाखवा, पुठ्ठ्याच्या खोक्यावर दाखवा. रंग शेवटी, नाहीतर बैठक निळा की हिरवा यातच संपते.

उद्या एका मसालेवाल्या ताईंकडे जायचंय. पिशवीत एकच लोगो आहे, आठ पानं आहेत आणि तोच लोगो कोरलेला रबरी शिक्का. पहिला ठसा त्यांनाच मारायला सांगणार आहे.