चपला बाहेर, पासवर्ड आत

गणित शिकवणाऱ्याकडे कॅल्क्युलेटर असतो, तेव्हा संगणक कक्षाचा ताबाही त्याच्याकडेच असावा, असा ठराव आमच्या शाळेत एकमताने झाला. मी त्या दिवशी रजेवर होतो.

त्याआधी हे काम एक तरुण मुलगा बघत असे. केंद्र सरकारने डिसेंबर २००४ मध्ये शाळांसाठी आयसीटी योजना आणली. आपल्याकडे ती ‘बांधा, चालवा, मग सोपवा’ या तत्त्वावर राबवली गेली. ठेकेदाराने संगणक आणायचे, माणूस नेमायचा, पाच वर्षं चालवायचं आणि मग सगळं शाळेच्या हवाली करायचं. पाच वर्षं झाली, संगणक शाळेचे झाले आणि ते ज्याला येत होते तो मुलगा घरी गेला. उरलेल्या विद्येवर मी पुढची वर्षं काढली. आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर, जबाबदार विद्यार्थ्याने संगणक कक्षात कसं वागावं याचं मार्गदर्शन लिहून ठेवत आहे. नियमांचा फलक भिंतीवर आहेच, पण त्याच्यासमोर कपाट असल्यामुळे फक्त नियम क्रमांक एक, चार आणि अर्धा सात दिसतो.

नियम क्रमांक एक : चपला बाहेर काढाव्यात. हा नियम चुकीचा नाही. पायाबरोबर आलेली धूळ यंत्राच्या पंख्यात जाऊन बसते, पंखा घरघरतो, यंत्र तापतं आणि बंद पडतं. पण विद्यार्थ्यांनी एवढ्या खोलात जाऊ नये. देवळात जाताना जो भाव असतो तोच इथे ठेवावा, म्हणजे आत गेल्यावर कशालाही हात लावायचा नाही हे ओघानेच येतं.

भक्तीचा अतिरेक मात्र टाळावा. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या संगणकांची पूजा होते. एका वर्षी आठवीच्या मुलींनी मनोभावे कीबोर्डवरही हळदकुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर महिनाभर त्या यंत्राची ‘क’ची कळ उठत नव्हती आणि ते स्वतःला ‘संगण’ म्हणवून घेत होतं.

यंत्रावरचं कापड काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी. ही परंपरा जुनी आहे. १९८४ साली ‘क्लास’ नावाच्या सरकारी प्रकल्पात देशातल्या काही शाळांना ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते. त्यांची स्मृती ३२ किलोबाइट. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं ‘शुभ सकाळ’चं एक गुलाबाचं फूल त्यात मावणार नाही. पण एवढ्याशा स्मृतीलाही किती जपावं लागतं हे तेव्हापासून शाळांना कळलं, आणि जपण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे न वापरणं हेही कळलं.

तरीही वापरायची वेळ आलीच, तर एका यंत्रावर चौघांनी बसावं. पहिल्याने माउस धरावा. दुसऱ्याने कीबोर्ड सांभाळावा. तिसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून ‘इथे, इथे, अरे इथे’ म्हणावं. चौथ्याने सर येतात का ते पाहावं. या चौघांत खरं संगणकशिक्षण तिसऱ्याचं होतं असं माझं निरीक्षण आहे, कारण यंत्राला हात न लावता दुसऱ्याकडून काम करून घेणं ज्याला जमलं तो पुढे साहेब होतो. माउस घरी नेऊ नये. पूर्वीच्या माउसच्या पोटात रबरी गोळी असे. ती काढून मधल्या सुट्टीत खेळायला नेण्याची पद्धत होती आणि सोमवारी तपासणीला साहेब आले की बाराच्या बारा उंदीर पोट रिकामं करून बसलेले असत. आताच्या माउसमध्ये गोळीच नाही, फक्त लाल उजेड. प्रगती म्हणतात ती हीच.

यूपीएस ओरडू लागला की घाबरू नये. वीज गेली आहे आणि आपल्या हातात मोजकी मिनिटं आहेत, एवढाच त्याचा अर्थ. या मिनिटांत काम सेव्ह करावं असं पुस्तकात लिहिलंय. प्रत्यक्षात वर्गातले सगळे आधी ‘ओऽऽ’ करून ओरडतात, मग कुणाचा पंखा थांबला ते बघतात, मग सेव्ह करायला वळतात; तोवर पडदा काळा. मी स्वतः एका वार्षिक निकालपत्रकाचं काम याच क्रमाने घालवलेलं आहे.

आता इंटरनेट. नेट असताना काय करावं यापेक्षा नेट नसताना काय करावं हे मुलांना जास्त येतं. क्रोममध्ये २०१४ पासून एक छोटा डायनासोर आहे. नेट गेलं की तो येतो आणि निवडुंगांवरून उड्या मारतो. नेट असलं की तो येत नाही. ही अडचण आमच्या नववीच्या एका तुकडीने टेबलाखाली वाकून, केबल अर्धी उपसून सोडवली. ‘सर, नेट गेलं’ असं इतक्या दुःखी आवाजात सांगत की मी दोनदा टेलिफोन कार्यालयात तक्रार नोंदवली. तिसऱ्यांदा तिथला माणूस स्वतः आला, टेबलाखाली गेला आणि काही न बोलता बाहेर आला. त्याने मला चहा मागितला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दहावीतल्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांसाठी वेगळा परिच्छेद. तुम्ही जी काळी खिडकी उघडून निर्धास्त बसता, जिच्यावर टोपी आणि चष्मा घातलेल्या माणसाचं चित्र असतं, तिच्याबद्दल थोडं. ती खिडकी बंद केल्यावर त्या यंत्रावर तुमच्या भटकंतीची यादी राहत नाही, हे खरं. पण शाळेच्या राउटरवरून, नेट पुरवणाऱ्याकडून आणि ज्या दारात तुम्ही गेलात तिथूनही तुम्ही टोपी न घालताच गेलेले असता. आईला कळू नये म्हणून घरात आवाज न करता बाहेर पडावं आणि सगळ्या गल्लीतून सायकलची घंटी वाजवत जावं, तसा हा प्रकार आहे. याच खिडकीवरून २०२० साली अमेरिकेत लोकांनी गूगलवर दावा लावला आणि २०२४ मध्ये गूगलने अशा वापराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. म्हणजे नोंदी होत्या. एवढा पुरावा पुरे. तेव्हा या खिडकीत बसून गृहपाठाव्यतिरिक्त काही पाहायचंच असेल, तर सर मागे उभे आहेत असं समजून पाहावं. बहुधा असतोच.

प्रकल्पाची नक्कल करताना निदान वाचून करावी. माझ्याकडे ‘जलप्रदूषण’ या विषयावर मराठी विकिपीडियावरून छापलेला एक प्रकल्प आहे. निळ्या अक्षरांखाली रेघा, मधूनमधून चौकटी कंसात ‘संपादन’, आणि शेवटी हा लेख अपूर्ण असून तो पूर्ण करण्यास मदत करावी अशी विनंती. विज्ञानाच्या बाईंनी तिथे लाल शाईने ‘मग पूर्ण का नाही केलास?’ असं विचारलं आहे. मुलाचं म्हणणं असं की विनंती बाईंना होती. हल्लीची मुलं विकिपीडियापर्यंतही चालत जात नाहीत. चॅटजीपीटीला सांगून ‘माझी आई’ लिहून घेतात. त्याच्या अटींत तेरा वर्षांखालच्यांना मनाई आहे आणि अठरापर्यंत पालकांची परवानगी लागते, हे त्यांना मी सांगितलं तेव्हा वर्गात कधी नव्हे ती गाढ शांतता पसरली. गेल्या सहामाहीत एका निबंधाचा शेवट, सुवाच्य अक्षरात, हाताने लिहिलेला, असा होता : ‘हवे असल्यास मी हा निबंध अधिक भावनिक करून देऊ शकतो.’ मराठीच्या बाईंनी समासात ‘करावा’ असं लिहिलं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी फलकावर नाही.

कक्षाबाहेर चपला काढताना तुम्ही काय करता ते मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. एक चप्पल दारापाशी, दुसरी थेट जिन्याखाली. जोडी सुटी असली की कुणी नेत नाही, हे ज्ञान तुम्हाला देवळातून मिळालेलं आहे. नव्या चपला असतील तर दप्तरात घालून आत आणता. दीडशे रुपयांच्या वस्तूला एवढी राखण. आणि तेच तुम्ही आत आल्यावर आपलं ईमेल उघडता, तास संपल्याची घंटा झाली की खुर्ची मागे ढकलता आणि तसेच धावत सुटता. खातं उघडं. नाव तुमचं, फोटो तुमचा, पुढच्या तासाला खुर्चीवर येऊन बसणारा सातवी ‘क’.

पासवर्डचंही तेच. जन्मतारीख पासवर्ड म्हणून ठेवू नये, कारण वर्गात वाढदिवसाला चॉकलेटं तुम्हीच वाटता. बाकावर कर्कटकाने कोरून ठेवू नये. मैत्रीची परीक्षा म्हणून जिवलग मित्राला सांगू नये. मैत्री मोडते, बाक राहतो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे मी दरवर्षी जूनमध्ये सगळ्या वर्गांत सांगतो. सांगून झालं की मुलं विचारतात, ‘सर, आणि तुमचा काय आहे?’

तर लॉग आउट करावं. पडदा बंद करणं म्हणजे लॉग आउट नव्हे. यंत्रावर कापड टाकणं म्हणजेही नव्हे. कोपऱ्यात आपल्या नावाच्या पहिल्या अक्षराचं गोल चिन्ह असतं, त्यावर टिचकी मारून, बाहेर पडण्याचा पर्याय निवडून, ते गोल नाहीसं झाल्याची खात्री करून मगच उठावं आणि नोंदवहीत वेळ लिहून सही करावी.

मागच्या जानेवारीत घटक चाचणीच्या आदल्या दिवशी मी घाईने उठलो आणि नोंदवहीत सही केली. कापडही टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पोहोचलो तर शिपाईमामा म्हणाले, ‘सर, तुम्ही कसे काय आलात?’ आदल्या संध्याकाळी मुख्याध्यापकांना माझ्या खात्यावरून रजेचा अर्ज गेला होता. भाषा शुद्ध होती, कारण पटण्यासारखं होतं, आणि गणिताची चाचणी पुढच्या आठवड्यात घेण्याची नम्र विनंतीही केलेली होती. रजा मंजूर झाली होती.