पान उलटं करून बघा

नाना कुणाच्याही घरी गेले की चपला काढता काढता गॅलरी कुठल्या बाजूला आहे ते हेरतात. चहा, यजमान, यजमानांचं नुकतंच झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, हे सगळं नंतर. गॅलरीत जास्वंद असली की संपलंच. तिचं एक पान दोन बोटांत धरून उलटं करायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि घरातल्या बाईंना खालच्या आवाजात विचारायचं, "कधीपासून आहे हे?" बाई बिचाऱ्या घाबरतात.

निवृत्तीपर्यंत नाना बँकेत चेक पास करायला बसत. खोटी सही ओळखावी तशी ते पानामागची कीड ओळखतात. देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं की मिलीबग. कुंडीच्या काठावर मुंग्यांची रांग दिसली तर पान उलटायचीही गरज नाही. मिलीबगच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेऊनही ठेवतात. "आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा," नाना सांगतात. मग पाण्याची जोरदार धार. मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब. फवारा संध्याकाळी मारायचा, कारण दुपारच्या उन्हात मारलात तर कीड राहील आणि पानं करपतील. हे सगळं ते एका दशक्रियेहून परतताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला लिहून देत होते. मी मागच्याच सीटवर होतो.

कळ्या गळतात ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मात्र त्यांच्याकडे सहानुभूती मिळत नाही. पाणी एक दिवस बादलीभर आणि पुढचे तीन दिवस ठणठणीत, असं करता ना? कुंडी आज या खिडकीत, उद्या त्या खिडकीत? मग कळी गळणारच. फुलंच येत नाहीत म्हणणाऱ्याला ते थेट कात्री दाखवतात. जास्वंद नव्या फुटव्यावर फुलते. जुन्या फांद्या कुरवाळत बसलात तर उंची मिळेल, फुलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत नाना कात्री घेऊन उतरले की लोक आपापल्या कुंड्या आत ओढतात. छाटलेल्या फांद्या ते फेकत नाहीत. वीतभर काडी, खालची पानं काढलेली, ओल्या मातीत तिरपी खोचलेली, अशा काड्यांच्या पिशव्या जिन्यात मांडलेल्या असतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातात एकेक सक्तीने पडते. कुरिअरवाल्यालाही पडली आहे.

मुलाने हौसेने मलेशियाला नेलं. क्वालालंपूरच्या जुळ्या मनोऱ्यांपुढच्या फोटोत सगळं कुटुंब हसतंय आणि नाना पाठमोरे, झुडपात वाकलेले. पण तिथून ते आले ते विजयी मुद्रेने. त्या देशाने १९६० साली लाल जास्वंदीला राष्ट्रीय फूल केलं आहे, तिच्या पाच पाकळ्यांत देशाची पाच तत्त्वं पाहिली आहेत आणि तिला नोटेवर छापलं आहे! एक रिंगिटची निळी नोट नानांनी कपाटाच्या काचेला आतून चिकटवली आहे. जन्मभर नोटा मोजलेल्या माणसाला अखेर हवी ती नोट मिळाली.

आता त्यांच्या स्वभावातली गाठ. गणपतीचं लाडकं फूल लावायचं, जपायचं, पण गणपतीला वाहायचं नाही. तोडायलाच बंदी. "एका दिवसाचं आयुष्य, तेवढं तरी झाडावर काढू दे." त्यामुळे नानांच्या दाराच्या कडीला रोज पहाटे फूलपुडी लटकते, आणि तिच्यात विकतची जास्वंद असते. काकूंचं म्हणणं असं की हे फूल झाडावर ठेवा नाहीतर देवापुढे, संध्याकाळी मिटायचं ते मिटतंच. आदल्या रात्री खुडलेली कळीसुद्धा सकाळी ताटात उमलते. हे शास्त्रशुद्ध आहे. नानांनाही ते ठाऊक आहे, म्हणूनच ते ऐकल्यावर त्यांना फिरायला जायचं आठवतं.

चतुर्थी आली की शत्रू ठरलेला. पांढरी हाफपँट, हातात पिशवी, आणि वेताची आकडी. हे गृहस्थ कुंपणाबाहेरून फांदी वाकवतात आणि फडके रोडच्या गणपतीकडे मार्गस्थ होतात. नाना गॅलरीतून ओरडतात, खालून उत्तर येतं, "देवाच्या फुलाला चोरी नसते हो!" वर्षानुवर्षं हा संवाद एवढाच.

गेल्या संकष्टीला मात्र नाना ओरडायच्या आत खालूनच आवाज आला. "अहो, आमच्या घरच्या जास्वंदीची पानं पिवळी पडतायत, काय करू?"

नाना शर्टाची बटणं लावत खाली उतरले आणि थेट त्यांच्या घरी गेले. तिथे देवघरात गणपतीच्या डोक्यावर नानांचीच केशरी जास्वंद होती. नाना तिच्यासमोरून गॅलरीत गेले, कुंडीतल्या मातीत बोट खुपसलं आणि म्हणाले, "खालची ताटली फेका आधी. पाणी साचून मुळं कुजतायत." जाताना शेणखत किती घालायचं तेही सांगितलं. पान उलटं करून कसं बघायचं, ते दोनदा करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडीवाले गृहस्थ नेहमीच्या जागी उभे. फांदी वाकवली, पण फूल तोडलं नाही. चष्मा कपाळावर सरकवला, एक पान दोन बोटांत धरून उलटं केलं आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "नाना! कधीपासून आहे हे?"

नाना बनियनवरच धावत सुटले.