मागून वाट असताना

पॅरिसच्या दक्षिणेला फॉन्तेनब्लोच्या जंगलात वालुकाश्माचे धोंडे विखुरले आहेत. बरेचसे पुरुष-दोन पुरुष उंच. कित्येकांवर मागच्या बाजूने पोरंसोरंही सहज जातात. बोल्डरिंगवाला, म्हणजे असे धोंडे चढायचा छंद जडलेला माणूस, मात्र नेमकी अंगावर आलेली बाजू निवडतो.

तयारी बघावी. गार, कोरड्या हवेत पकड चांगली, म्हणून मुहूर्त कडाक्याच्या थंडीचा. पाठीवर गादी. बुटाचे तळवे कण न् कण वाळू निघेपर्यंत पुसायचे, खाच ब्रशने घासायची. हेच गृहस्थ घरी ओटा पुसायला सांगितला की कंबर धरतात! मग नखभर कंगोऱ्याला लटकून दोन सेकंदांत गादीवर आदळायचं आणि पाव तास त्यावर परिसंवाद. संध्याकाळी बोटांची सालटी निघालेली, माथा जिथल्या तिथे. तरी दिवस सार्थकी लागला! का? सकाळी घसरणारी डावी टाच दुपारी टिकली.

हे वेड भलतं लांब जातं. फिनलंडच्या नाले हुक्काताइवालने मायदेशातल्याच एका धोंड्यावर काही वर्षं झिजून २०१६ मध्ये ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’ नावाचा मार्ग सर केला. ९ए ही काठिण्यश्रेणी सुचवली गेलेली ती जगातली पहिली चढाई. उंची? काही मीटर.

पण हसण्याआधी एवढं बघा: इथे चढणाऱ्याच्या खाली उभे असलेले लोक हात वर करतात ते त्याला सावरायला, पाय ओढायला नव्हे. आपल्या कचेऱ्यांत ही पद्धत अजून यायची आहे.