निवास, न्याहारी आणि लांडगा

सातारा-सांगली असं एका दमात म्हणायची ज्यांना सवय आहे, त्यांनी आधी महाबळेश्वर पाहावं आणि मग जत. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जतला पाचशेच्या आसपास, आणि तोही मनात आलं तर. तिकडचे डोंगर ढगात डोकं घालून बसलेले. जतचे डोंगर जमिनीतून जेमतेम वर आले, ऊन बघितलं आणि तिथंच थांबले.

या डोंगरांत मुक्कामाला जायची कल्पना आमच्या पक्षीमित्राची. त्यानं नवी लेन्स घेतली होती. तो वळला की मागच्या माणसाला वाकावं लागायचं, एवढी लांब. मोर, तितर, पोपट सगळं टिपून झालं होतं, आता त्याला माळावरचा लांडगा पाहिजे होता. जाताना रेल्वेनं जाऊ म्हणाला, कारण मिरज-पंढरपूर मार्गावर ‘जत रोड’ नावाचं स्थानक आहे. आहे खरं. स्थानकाच्या पाटीवर जत आहे, आसपास कुठंही नाही. पुढचा प्रवास वडापच्या जीपमध्ये लेन्सला मांडीवर घेऊन झाला. शेजारच्या म्हातारबांनी तिचं अर्धं तिकीट काढा म्हणून कंडक्टरची बाजू घेतली.

पर्यटन महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ नावाची जुनी योजना आहे, आणि 2020 साली राज्याचं कृषी पर्यटन धोरणही आलं. आमच्या यजमानांना, म्हणजे अण्णांना, दोन्हींची खबर सांगलीत शिकणाऱ्या पुतण्याकडून मिळाली होती. त्यानं बेदाणा शेडच्या बाजूची खोली रंगवून घेतली, बाहेर ‘ॲग्रो टुरिझम’ची पाटी ठोकली आणि दरही फोनवरून त्यानंच सांगितला. अण्णांना पैशाचं बोलायची लाज वाटायची. “पावण्याकडनं कसले पैसे घ्यायचे,” म्हणायचे, आणि मग हळूच, “पोरगा काय म्हनला हुता तुमास्नी?”

निवासाबद्दल तक्रार नाही. खाट होती, वाकळ होती, खिडकी होती. न्हाणीत पाण्याच्या दोन बादल्या होत्या आणि त्यांच्याकडं बघताना घरातल्या अक्कांच्या चेहऱ्यावर जे भाव येत ते पाहून आम्ही एकीतच आटपलं. जतच्या पूर्व भागातल्या 65 गावांनी म्हैसाळ योजनेच्या पाण्यासाठी किती वर्षं वाट पाहिली, हे ठाऊक असलेला माणूस तिथं शॉवर मागत नाही. पाण्यासाठीच 2012 साली इथल्या गावांनी कर्नाटकात जायचे ठराव केले होते. 2022 मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्या ठरावांची आठवण काढून चाळीस गावांवर हक्क सांगितला, तेव्हा मुंबईत मोठा गहजब झाला. अण्णांच्या घरात मात्र दोन्ही राज्यं एकाच चुलीपाशी बसतात. अण्णा मराठीत बोलत, आजी कानडीत.

आजींचं एकच वाक्य आम्हाला पाठ झालं: “ऊट आतेन री?” जेवलात का? झालं म्हटलं तरी ताट येई, नाही म्हटलं तरी येई. कानडी येत असतं तरी सुटका नव्हती. न्याहारीला ज्वारीच्या गरम भाकरी, हुलग्याची उसळ, शेंगांची चटणी, कवडीचं दही आणि हे सगळं कमी पडेल म्हणून भरलं वांगं. आम्ही ढेकर देऊन भिंतीला टेकलो तोच अक्का सुसल्याची परात घेऊन आल्या. “न्याहारी झाली न्हवं? आता नाष्टा करा.” शहरात माणसं न्याहारीनंतर फिरायला जातात. इथं न्याहारीनंतर उठायला आधार लागतो.

“अण्णा, लांडगा दिसेल का हो?” मित्रानं आडवं पडूनच विचारलं.

“दिसंल की. परवाच दोन करडं नेली.” अण्णांचा आवाज कोरडा होता. “तुमी बघाय येताय, त्यो खायाला येतोय. दोघांची येळ जुळाय पायजे.”

रात्री मित्र पहाऱ्याला बसला. टिटवी ओरडत होती, कुठंतरी रातवा चुकचुकत होता. मध्यरात्री त्यानं मला हलवलं. “डोळे! लाल आहेत आणि मिचकावतोय!” टेकडीवर खरोखर लाल ठिपके उघडझाप करत होते. एवढ्या उंचीचा लांडगा म्हटल्यावर मीही वाकळ गळ्यापर्यंत ओढली. ओसरीवरून अण्णांचा झोपाळू आवाज आला, “पवनचक्की हाय ती. पडा आता.”

लांडगा आला तो सकाळी. आजींनी ओढ्याकाठी पाहिला, अक्कांनी बांधावरून पाहिला, शेजारच्या शाळकरी पोरानंही पाहिला. आम्ही तेव्हा दुसऱ्या भाकरीवर होतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या जनावराला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसवलं आहे. तो राहतो तो माळ मात्र सरकारी नकाशात पडीक म्हणून रंगवलेला असतो. खोकड, ससे, तितर आणि मेंढरं ज्यावर जगतात त्या जमिनीला पडीक कुणी ठरवलं, त्या साहेबाला एकदा अण्णांकडं न्याहारीला धाडायला हवं.

मित्रानं मग राग मेंढरांवर काढला. माडग्याळची मेंढी ही इथली खास जात, उंच, लांब मानेची, पोपटासारखं बाकदार नाक. 2020 साली आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला 70 लाखांची मागणी आली, तर मालकानं दीड कोटी सांगितले होते. मित्र पोटावर पडून फोटो काढू लागला तसा मेंढका जवळ येऊन बसला. त्यानं लेन्सची किंमत विचारली. मित्रानं ती जरा ऐटीत सांगितली.

“मग बारकंच हाय म्हना जनावर,” मेंढका म्हणाला आणि उठून गेला.

जायचं असेल तर मार्गशीर्षात जा. हवा थंड असते, यल्लम्माची यात्रा भरते आणि खिलार जनावरांचा बाजारही बघून होतो. वैशाखात जाऊ नका, लांडगासुद्धा सावलीतून हलत नाही. बॅटरी न्या, पाणी जपून वापरा, ठरल्यापेक्षा थोडे जास्तच पैसे पुतण्याच्या हातात द्या, अण्णा घेणार नाहीत. आणि आदल्या रात्री जेवू नका.