हौशी छायाचित्रकाराने पाळावयाचे नियम

या छंदात पडणाऱ्याने आधी घरातील वातावरण तयार करावे. कॅमेऱ्याचा विषय थेट काढू नये. दोन-तीन महिने मोबाइलच्या फोटोंना नावे ठेवावीत. 'झूम केला की फाटतो बघ', 'जरा लाइट असता तर...' अशी वाक्ये जेवताना सहज टाकत राहावीत. मग पाडव्याला किंवा दसऱ्याला, म्हणजे ज्या मुहूर्तावर घरात वॉशिंग मशीन येणार असे ठरलेले असते त्या मुहूर्तावर, कॅमेरा आणावा. किंमत सांगताना फक्त बॉडीची सांगावी. लेन्स, बॅग, कार्ड, दुसरी बॅटरी, ट्रायपॉड या गोष्टी वेगवेगळ्या पार्सलांतून, घरची मंडळी बाहेर गेलेली असताना याव्यात.

कॅमेऱ्याबरोबर १८-५५ची किट लेन्स मिळते. तिची आठवड्याच्या आत निंदा सुरू करावी आणि ५० एमएम, एफ १.८ घ्यावी. ही लेन्स बरीच स्वस्त असल्यामुळे पैसे उडवताना काटकसर केल्याचे समाधान मिळते. हिने मागची पार्श्वभूमी विरघळते. पुढचे काही महिने घरातल्या प्रत्येक वस्तूची पार्श्वभूमी विरघळवावी : तुळस, चहाचा कप, शेजाऱ्यांचे मांजर, मुलीचा डावा डोळा. उजवा डोळा फोकसबाहेर गेला तर जाऊ द्यावा, त्यालाच शैली म्हणतात. कोणी शंका काढलीच, तर फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ मुख्यतः ५० एमएमच वापरत असे, हे सुनवावे. त्याच्या फोटोंत रस्ता, भिंत, जिना, मागून चाललेला माणूस असे सगळे स्वच्छ दिसते आणि फोटो त्यावरच उभा असतो, हे मात्र आपण होऊन सांगू नये.

याच गृहस्थाच्या १९५२ सालच्या पुस्तकामुळे 'निर्णायक क्षण' ही कल्पना जगभर गेली. त्याच्या रोलमध्ये ३६ फोटो मावत, त्यामुळे त्याला क्षणाची वाट पाहावी लागे. आपल्याला तशी गरज नाही. हल्लीचे कॅमेरे सेकंदाला दहा-वीस फोटो सहज काढतात. बटण दाबून धरावे, क्षण कुठेतरी सापडतोच. बहुधा तो दोन फ्रेमांच्या मधोमध घडलेला असतो. पण त्याचा शोध घेण्यासाठी रात्री दीडपर्यंत संगणकापुढे बसता येते, आणि या छंदातला बराचसा आनंद तिथेच आहे. शिवाय सगळे रॉ फाइलमध्येच काढावे. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल २५-३० एमबी भरते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर दोनेक हजार फोटो बसतात. एका रविवारी एवढे पुरतात.

पोशाखाविषयी थोडक्यात. होमाई व्यारावाला साडी नेसून, सायकलवरून, अवजड स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन दिल्लीत हिंडत आणि देशाचा इतिहास टिपत. त्यांच्याजवळ खिशांचे जाकीट नव्हते. आपण घ्यावे. खिसे जितके जास्त तितकी लेन्सची टोपी सापडायला वेळ लागतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की काही तरी तांत्रिक चालले आहे.

आता प्रकाश. तो फक्त पहाटे आणि संध्याकाळी चांगला असतो. मधल्या वेळात जे जग चालते, माणसे कामाला जातात, भाजी घेतात, भांडतात, ते छायाचित्रणास अयोग्य समजावे. म्हणून रविवारी साडेतीनचा गजर लावावा. तो ऐकून घरातली सर्व माणसे उठतात व शेवटी आपल्यालाही उठवतात.

जायचे कुठे? कसोटी एकच : तिथला फोटो आपण आधी किमान शंभरदा पाहिलेला असावा. न पाहिलेल्या जागी गेल्यास नेमके कुठे उभे राहायचे तेच कळत नाही.

हिवाळ्यात भिगवणला जावे. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. तिथले नावाडी मूळचे मच्छीमार, आणि पक्षी त्यांना नजरेच्या टोकावर असल्यापासून ओळखू येतात. नावाड्याने पट्टकदंब दाखवला की 'हो, मलाही तेच वाटलं' म्हणावे. हे हंस हिमालय ओलांडून आलेले असतात, तेव्हा पुण्याहून शंभर किलोमीटर गाडी चालवून पाठ धरल्याची तक्रार त्यांच्यादेखत करू नये. रोहित तासन् तास मान खाली घालून, उलट्या चोचीने चिखलपाणी गाळत असतो. त्याचे पंख उघडल्याशिवाय आतला गुलाबी रंग दिसत नाही, आणि तो रंग नसेल तर फोटोला कोणी विचारत नाही. अशा वेळी 'भाऊ, जरा उडवता का त्यांना?' असे नावाड्याला सांगणारे छायाचित्रकार भेटतात. भरल्या ताटावरून पाहुण्याला उठवण्याचा हा प्रकार. चांगला नावाडी ऐकू न आल्यासारखे करतो व नाव कुरवांकडे वळवतो. कुरवांना शेव-फरसाण टाकले की ते लेन्सच्या तोंडाशी येतात आणि सगळ्यांचे समाधान होते. परत आल्यावर चिलापीचे कालवण आणि भाकरी खावी. ताटाचा एक फोटो मोबाइलवर काढावा. त्या दिवसाच्या फोटोंपैकी घरात तेवढाच सर्वांना आवडतो.

कासचे नियम निराळे. सातारच्या या पठाराचे नाव २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेले, तेव्हापासून तिथे फुलांपेक्षा कॅमेरे अधिक उमलतात. फुले इवलीशी असल्यामुळे जमिनीवर पालथे पडावे लागते. पालथे पडण्यापूर्वी पोटाखाली काय आहे ते पाहण्याची पद्धत अजून म्हणावी तशी रूढ झालेली नाही. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. आपण जातो त्याच्या आदल्या वर्षी ती फुलून गेलेली असते, आणि हे सांगायला आदल्या वर्षी आलेला एक जण तिथे उभाच असतो.

जेजुरीला सोमवती अमावस्येला जावे. भंडारा उधळला की चढाच्या पायऱ्या, माणसे, आकाश सगळे पिवळे होते, आणि पंचाण्णव टक्के काम खंडोबानेच केलेले असल्यामुळे वाईट फोटो येणे कठीण. फक्त हळदीची ती बारीक पूड कॅमेऱ्याच्या फटींतून आत शिरते. दुरुस्तीवाला खोलून बघतो आणि मान वर न करता विचारतो, 'जेजुरी का?'

पण या छंदाची खरी परीक्षा वारीत. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम हलवून सासवडकडे निघते तो दिवस वर्षाच्या आरंभीच कॅलेंडरवर खुणावून ठेवावा आणि दिवे घाटाच्या वळणावर सकाळीच जागा धरावी. खाली नागमोडी रस्ता, त्यावर भगव्या पताकांची रेघ, वर ढग. हा फोटो दरवर्षी काढला जातो, दरवर्षी छापला जातो आणि दरवर्षी छान दिसतो, त्यामुळे आपणही काढायलाच हवा. वळणावर वारकऱ्यांएवढीच आपल्या जातकुळीची गर्दी असते. वारीत प्रत्येकाला माउली म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो इथेही कसोशीने पाळला जातो. 'माउली, डोकं खाली घ्या', 'माउली, तुमचा ट्रायपॉड माझ्या फ्रेममध्ये येतोय', 'माउली, अक्कल आहे का?'

घाट झाला की चेहरे. सुरकुत्या असलेला चेहरा निवडावा. नसतील तर संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवून पाडता येतात. डोक्यावर तुळशी वृंदावन घेतलेली आजी दिसताच तिच्यापुढे उलटे चालत जावे. मागे चिखल आहे की बैलगाडी, ते बघू नये. आजी थांबून विचारते, 'निघाला का रं लेकरा फोटू? माझा मला कवा मिळायचा?' याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही. तिचे नाव, गाव आपण विचारलेले नसते. मोबाइलवाली पोरे तिला तिथल्या तिथे स्क्रीन दाखवतात, तीही पदर सारखा करून 'ब्येस आलाय' म्हणते व पुढे जाते. आपला फोटो मात्र रॉ असतो. तो एडिट होऊन प्रदर्शनात टांगला जाईपर्यंत आजी पंढरपूर करून गावी परतलेली असते. फोटोखाली 'श्रद्धा' असे लिहावे. म्हातारबाबा असतील तर 'प्रतीक्षा'. पाठमोरा मुलगा असेल तर 'उद्या'. या तीन शीर्षकांवर पुष्कळ वर्षे निघतात.

पुढे चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते. अश्व धावतो तेव्हा त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला माणसे झेपावतात. तो क्षण मिळवायचा असेल तर कॅमेरा खाली ठेवून गर्दीत शिरावे लागते, आणि मग फोटो निघत नाही. ही अडचण मी अनेकांना विचारून पाहिली आहे.

देवळे, लेणी, किल्ले येथे ट्रायपॉड उघडताच शिट्टी वाजते. पुरातत्त्व खात्याच्या जागी त्याला वेगळी परवानगी लागते, ती काढावी. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. ज्या मनाईचा अर्थ लागत नाही ती शहरात असते. बाग, पूल, मॉल, सोसायटीचे फाटक, कुठेही रखवालदार येऊन सांगतो, 'मोठा कॅमेरा नाही चालणार, मोबाइलवर काढा काय काढायचे ते.' त्या मोबाइलमध्ये आपल्या जुन्या कॅमेऱ्याच्या दुप्पट मेगापिक्सेल असतात, हा युक्तिवाद करू नये. मागच्या माणसाने तो केलेला असतो आणि त्याच्यावरचा राग आपल्यावर निघतो.

यानंतर येते घर. घरच्यांचे फोटो ही कनिष्ठ कला आहे, असे धोरण सुरुवातीलाच ठरवून टाकावे. लग्नात ते विशेष उपयोगी पडते. 'तुझा तो मोठा कॅमेरा आणलायस ना?' असे म्हणत आत्या दारातच गाठते. आणलेला असतोच, पण चारचौघांना रांगेत उभे करून 'इकडे बघा' म्हणणे आपल्या तत्त्वात बसत नाही. आपण कॅन्डिड काढतो. म्हणजे पंगतीत जिलेबी तोंडाशी नेलेली असताना, शालू सावरताना, दुसऱ्या आत्याबद्दल बोलताना. असे फोटो आत्या नंतर समोर उभी राहून डिलीट करायला लावते. अंतरपाट दूर होण्याच्या क्षणाला मांडवात जागा पटकावणे अवश्य, परंतु पैसे घेऊन आलेले दोन फोटोग्राफर, एक व्हिडिओवाला आणि दिवा धरणारा मुलगा आधीच पाटाशी असतात. त्या क्षणाचा आपला फोटो म्हणजे व्हिडिओवाल्याची पाठ, उत्तम फोकसमध्ये, अक्षतांसह. 'फोटो कधी पाठवतोस?' या प्रश्नाला 'एडिट करतोय' हे उत्तर द्यावे. ते त्या जोडप्याच्या बाळाच्या बारशापर्यंत चालते.

आणखी एक प्रसंग येतो, त्याची तयारी कोणी करून घेत नाही. भिंतीवर लावायला आजोबांचा फोटो लागतो. लगेच लागतो, कारण वर्तमानपत्राला संध्याकाळच्या आत द्यायचा असतो आणि फ्रेमवाला चारशिवाय दुकान उघडत नाही. घरात एवढा मोठा कॅमेरा, त्यामुळे सगळे आपल्याकडे बघतात. हार्ड डिस्कवर 'आजोबा' हा फोल्डर असतोही. त्यात आजोबांचे हात, कृष्णधवल. चष्मा, आणि त्यामागे विरघळलेले आजोबा. खिडकीशी पाठमोरे आजोबा. अर्धा चेहरा काळोखात, उरलेल्या अर्ध्यावर जाळीची सावली. हातांना हार घालता येत नाही. अखेर आतेभावाच्या मोबाइलमध्ये कुणाच्या तरी मुंजीतला एक सापडतो : फ्लॅश मारलेला, आजोबा टोपी घालून ताठ बसलेले, समोर बघणारे, खांद्यावर पापडाचे तबक घेऊन जाणाऱ्या वाढप्याचे कोपर. कोपर कापले जाते. त्या फोटोतल्या तांत्रिक उणिवा त्या दिवशी दाखवू नयेत. तेरावे झाल्यावर दाखवाव्यात.

देखभालीबद्दल. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसू लागतात. उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यातल्या व औषधांच्या बाटल्यांतल्या पुड्या साठवण्याची सवय लावून घ्यावी. डबा स्वयंपाकघरातूनच उचलावा लागतो, आणि त्यातले पापड सादळले तर तो विषय मेगापिक्सेलकडे वळवता येत नाही.

शेवटचा टप्पा विक्रीचा. नवे मॉडेल येते, आरसा नसलेले, आणि आपला कॅमेरा एका रात्रीत जुना होतो. जाहिरातीत 'एकहाती वापर, फक्त घरगुती, बॉक्स व बिलासह' असे लिहावे. तसे लिहिण्याची रीतच आहे. घेणारा तरुण पहिला प्रश्न शटर काउंटचा विचारतो. तो आकडा सांगताना आवाज खाली आणावा, एकट्या दिवे घाटाने त्यात कितीतरी भर घातलेली असते. तरुणाबरोबर त्याची बायको आलेली असते, पोटुशी. ती कॅमेरा हातात घेत नाही, नुसती लांबून बघते आणि विचारते, 'काका, यात घरातले फोटो चांगले येतात ना?'

'येतात ना,' म्हणावे, आणि पैसे मोजून घ्यावेत.