सोफा बाहेर, कॉन्कॉर्ड आत

— अगं, जरा इकडे ये, कुंपणापाशी. आणि हळू बोल. पलीकडचा सोफा बघितलास?

— कुठला सोफा, काकू?

— बाईंचा गं, पिस्ता रंगाचा. परवापासून पुढच्या अंगणात पावसात भिजतोय. आता कौन्सिलची गाडी येऊन उचलून नेणार म्हणे. आणि त्या जागी आत काय आलंय, सांग बघू? विमानाच्या दोन खुर्च्या! जोडखुर्ची, निळ्या कातड्याची. कॉन्कॉर्डची!

— म्हणजे ते म्युझियममध्ये असतं ते?

— आत्ता म्युझियममध्ये असतं. आमच्या वेळी डोक्यावर असायचं. मी नवी नवरी म्हणून गिरगावातून या हाउन्सलोत आले ना, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हातातला कप पडला होता माझ्या. काकांना म्हटलं, काय कोसळलं हो? हे आपले शांतपणे पेपर वाचतायत. म्हणाले, काही नाही, न्यूयॉर्कचं आलं.

— एवढा आवाज? बाकीची विमानं पण जातातच की.

— ती जातात, हे गर्जत यायचं. आणि उतरताना निदान बरं, उठताना तर विचारू नकोस. त्याच्या इंजिनांना मागून जास्तीचं इंधन पेटवून जोर द्यावा लागे. रीहीट म्हणतात त्याला, असल्या गोष्टी लढाऊ विमानांना असतात. ते पेटलं की पश्चिमेकडच्या वस्तीत उभ्या गाड्यांचे भोंगे आपोआप वाजायला लागायचे. काका विमानतळावर सामानाच्या खात्यात होते ना, ते सांगायचे.

— आणि हे आपले शेजारी, ते पायलट होते का?

— कसला पायलट! पोस्टात होते. जन्मात कधी कॉन्कॉर्डमध्ये बसलेले नाहीत. हीच तर गंमत आहे. तू हॅटन क्रॉसपाशी त्या मर्टल अॅव्हेन्यूवर गेलीस ना, तिथे घडीच्या खुर्च्या टाकून, दुर्बीण घेऊन, वहीत विमानांचे नंबर टिपत बसलेली माणसं दिसतील. यांची बैठक तिथे. त्यातल्या कुणाला विचार, कॉन्कॉर्डचं तिकीट काढलं होतंस का? शंभरातला एखादा हो म्हणेल. बसणारे कोण? बँकवाले, सिनेमावाले, गाणारे. तो फिल कॉलिन्स १९८५ साली लाइव्ह एडच्या दिवशी इथे वेम्ब्लीत गायला, कॉन्कॉर्डने पलीकडे गेला आणि त्याच दिवशी फिलाडेल्फियात पुन्हा गायला. ते बसणारे आता दुसऱ्या कुठल्या विमानात बसतात, त्यांना काही आठवण येत नाही. रडतात ते हे, खालून बघणारे.

— पण इतकं काय होतं त्यात?

— वेग. अगं, आवाजाच्या दुप्पट. ताशी २,१०० किलोमीटरच्या वर. मुंबई-पुणे चार मिनिटांच्या आत होईल. आणि जमिनीपासून १८ किलोमीटर वर. सकाळी साडेदहाला हीथ्रोहून निघायचं आणि न्यूयॉर्कला पोचायचं तिथल्या घड्याळात साडेनऊच्या आत! निघण्याच्या आधीच पोचले. संध्याकाळच्या फेरीला तर इथे सूर्य बुडालेला असायचा आणि वर गेल्यावर पश्चिमेकडून परत उगवायचा. हे सगळं मी या शेजाऱ्यांकडून ऐकलेलं बरं का, चहाला बोलावलं की दुसरा विषय नाही. १९७३ च्या जूनमध्ये म्हणे आफ्रिकेवर खग्रास ग्रहण होतं. शास्त्रज्ञ पहिल्या नमुन्याच्या विमानात बसले आणि चंद्राच्या सावलीबरोबर पळत राहिले. जमिनीवरच्यांना सात मिनिटं दिसलं ते त्यांना ७४ मिनिटं दिसलं.

— बापरे! इतका वेळ ग्रहण पाळायचं?

— तुझं आपलं काहीतरीच. पण मला सगळ्यात आवडते ती टोपीची गोष्ट.

— कुठली टोपी?

— एवढ्या वेगात हवेच्या घर्षणाने विमान तापायचं. नाकाचं टोक १२७ अंशांपर्यंत. खिडकीला हात लावला तर ऊब लागायची, आणि बाहेर थंडी शून्याखाली पन्नास! तापलं की धातू वाढतो, तसं अख्खं विमान उडताना वीतभर लांब व्हायचं. मग कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनियरच्या बाजूला, त्या घड्याळं-बटणांच्या फळीपाशी, एक फट पडायची. हात जाईल एवढी. खाली उतरून थंड झालं की फट बंद. तर सेवा संपायची वेळ आली तेव्हा काही इंजिनियरांनी शेवटच्या वेगवान फेरीत आपली टोपी त्या फटीत सरकवून ठेवली. विमान उतरलं, फट मिटली, टोपी आत. परत ते विमान तेवढं तापणारच नाही, तर टोपी निघणार कशी? हे सांगताना आमचे पोस्टातले साहेब चष्मा पुसतात.

— आणि बाई काय म्हणतात?

— बाईंना ती सवत आहे! तुला बार्बाडोसचं सांगितलंच नाही का मी? लग्नाच्या वाढदिवसाला म्हणाले, चल, बार्बाडोसला जाऊ. बाई हरखल्या. नवी टोपी, पोहायचे कपडे, मला दाखवायला आणले होते. इतकी वर्षं स्कॉटलंडच्या पलीकडे नेलं नाही, आता समुद्र, वाळू! तिथे विमानतळावर उतरल्या आणि कळलं, त्याच विमानतळाच्या आवारात एका शेडमध्ये कॉन्कॉर्ड ठेवलंय. ब्रिटिश एअरवेजची हिवाळ्यात तिथे फेरी असे ना, म्हणून एक तिकडे दिलं. समुद्र दुसऱ्या दिवशी दिसला.

— अय्या!

— मँचेस्टर झालं, स्कॉटलंडचं ईस्ट फॉर्च्यून झालं, पॅरिसचं ल बूर्जे झालं. जर्मनीत झिन्सहाइमला तर म्युझियमच्या छपरावर दोन उभी आहेत. एक फ्रान्सचं कॉन्कॉर्ड, एक रशियाचं तुपोलेव. रशियाचं बरं का, आधी उडालं होतं, १९६८ च्या ३१ डिसेंबरला. कॉन्कॉर्ड दोन महिन्यांनी. पण प्रवाशांच्या फेऱ्या झाल्या अवघ्या ५५ आणि मग बंद. त्याच्यासाठी कुणी सोफा बाहेर काढलेला मी तरी ऐकला नाही.

— पण काकू, इतकं चांगलं होतं तर बंद का केलं?

— चांगलं होतं असं कोण म्हणतंय? वेगवान होतं. माणसं नेणार शंभर आणि टाकी ९५ टन इंधनाची, म्हणजे खुर्चीमागे जवळजवळ एक टन. त्यात आवाजाचा वेग ओलांडला की खाली जो धडाका होतो, त्यामुळे जमिनीवरून जोरात जायला कुणी परवानगी देईना. मग उरला फक्त समुद्र. सुरुवातीला सगळ्या जगाने नंबर लावले होते, सत्तरच्या वर विमानांचे. आपल्या एअर इंडियानेसुद्धा दोन सांगून ठेवली होती.

— काय सांगता! एअर इंडियाने?

— तर! जेआरडींच्या काळात. आमच्या वडिलांना नरिमन पॉइंटच्या त्या इमारतीचं काय कौतुक होतं, त्यांना वाटायचं आता महाराजा आवाजाच्या पुढे पळणार. १९७३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या पॅन अॅम आणि टीडब्ल्यूए या दोघींनी अंग काढून घेतलं, तेव्हा बाकीच्यांनीही एकेक करून पाय मागे घेतले. त्याच वर्षाच्या शेवटी तेल भडकलं, मग तर बोलायलाच नको. एकंदर वीस बांधली, त्यातली प्रवाशांसाठी चालली चौदा. सात ब्रिटनची, सात फ्रान्सची.

— म्हणजे आपल्याकडे आलंच नाही कधी.

— आपल्या डोक्यावरून जाण्यावरूनच तर भांडण झालं! लंडन-बहारीन-सिंगापूर अशी फेरी काढली होती. मलेशियाने आधी अडवली, मग आपल्या सरकारने सांगितलं, भारतावरून जायचं तर आवाजाच्या वेगाच्या आतच जा. मग त्या विमानाचा उपयोग काय? १९८० साली ती फेरी बंदच झाली. त्या फेरीसाठी एक विमान रंगवलं होतं बघ, एका अंगाला ब्रिटिश एअरवेज आणि दुसऱ्या अंगाला सिंगापूर एअरलाइन्स. अर्धनारीनटेश्वर! ते आता न्यूयॉर्कला आहे, पण दोन्ही अंगांनी ब्रिटिश. त्याचा तो जुना फोटो यांच्या जिन्यात लावलाय, एक डावीकडून, एक उजवीकडून.

— आणि तो अपघात झाला होता ना पॅरिसला?

— २००० सालच्या २५ जुलैला. दुसऱ्या विमानाची पडलेली धातूची पट्टी धावपट्टीवर होती, ती टायरखाली आली. टायर फुटला, तुकडा टाकीवर आदळला. ११३ माणसं गेली, त्यातली चार तर जमिनीवरची. त्या दिवशी इथे गल्लीत कुणी बोलत नव्हतं. पुढच्या वर्षी टाक्यांना केव्हलारचं अस्तर लावून, नवे टायर घालून परत सुरू केलं, पण तोवर न्यूयॉर्कचे ते टॉवर पडले होते. माणसं विमानात बसायलाच तयार नव्हती, ही महागडी तिकिटं कोण काढणार? २००३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिटवलं. तो व्हर्जिनवाला ब्रॅन्सन म्हणाला, मी घेतो, एका पौंडाला एक. दिलं नाही.

— एक पौंड?

— मुद्द्याचंच बोलला तो. बांधायला पैसा कुणाचा लागला? इंग्लंड-फ्रान्सच्या सरकारांचा. १९६२ साली करार केला आणि त्यात बाहेर पडायची वाटच ठेवली नाही. दोन वर्षांनी इथलं नवं सरकार हात झटकायला बघत होतं, जमलं नाही. म्हणजे यांच्या बापाच्या पगारातून कापून गेलेला कर त्यात आहे. हे पोस्टातले, शेजारचा बसचा ड्रायव्हर, सगळ्यांच्या घरचा. बसले मात्र भलतेच. म्हणून मला कधीकधी वाटतं, हसते मी त्यांना, पण विमान खरं यांचंच. ज्याने पैसे भरले आणि ज्याने आवाज सोसला त्याचं नाही तर कुणाचं?

— तुम्हीही सोसलात की.

— सोसला ना! पण २४ ऑक्टोबर २००३ ला, शुक्रवार होता, संध्याकाळी चारनंतर एकामागून एक तीन कॉन्कॉर्ड हीथ्रोवर उतरली. एक एडिंबरोहून, एक समुद्रावरून फेरी मारून आणि शेवटचं न्यूयॉर्कहून. रस्त्याच्या कडेला ही गर्दी! गाड्यांच्या टपांवर माणसं, कडेवर पोरं. काका ड्यूटीवर होते, तर मी एकटी गेले होते. आता कशाला गेले होते ते विचारू नकोस. बाजूला एक धिप्पाड माणूस, हातावर गोंदलेलं, हुंदके देत होता. मी त्याला पिशवीतली संत्री दिली. पुढे महिन्याभरात लिलाव झाले. नाकाचं टोक, नुसतं टोक, तीन लाख पौंडांच्या वर गेलं. तेव्हा घराची किंमत नव्हती तेवढी इथे. आपले साहेब लिलावाला गेले होते. बाईंनी बँकेचं पुस्तक माझ्याकडे ठेवायला दिलं होतं.

— खरंच?

— डाळीच्या डब्यात होतं. तर ते घेऊन काय आले? चमचा. एक चमचा आणि मेनूकार्ड. आता या खुर्च्या कुठून मिळवल्या देव जाणे. बसायला अरुंद आहेत. मी काल बसून आले.

— तुम्ही बसलात?

— मग! बोलावलं ना साहेबांनी. म्हणाले, बस, आपण आत्ता अटलांटिकवर आहोत. बाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, अटलांटिकवर चहा मिळणार नाही.

— पण काकू, आता नवीन येतंय म्हणे तसलं. अमेरिकेत त्या बूम कंपनीच्या छोट्या विमानाने गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, आवाजाचा वेग ओलांडला. आणि खाली धडाका ऐकूच आला नाही. आमच्याकडे ऑफिसात चर्चा होती.

— सांगितलं मी त्यांना, काकांनी पेपरात वाचलं होतं. मला वाटलं खूश होतील. तर तोंड वाकडं करून म्हणाले, आवाज नाही? मग आलंय हे कळायचं कसं? मी म्हटलं, हे बघा, त्या आवाजाविरुद्ध सह्या गोळा करायला कागद घेऊन तुमच्या दारात मीच आले होते. विसरलात? तर म्हणतात कसे, विसरीन कसा, त्या कागदावर तुझीच सही नव्हती.

— म्हणजे? तुम्हीच सही केली नव्हती?

— अगं, पेन संपलं होतं. आणि तू कढीपत्ता न्यायला आली होतीस ना? घे, या डहाळीचा घे, ती वरची ठेव.